जाड पानांची रोपं

वरूडकडे माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे आणि बागेच्या कडेला कलमांची नर्सरी. जानेवारीत आंबिया बहाराची तोड उरकत आलेली असते. व्यापारी चांगला माल भरून नेतो आणि झाडांखाली ढीग उरतो लहान, डागाळलेल्या फळांचा. यंदा मी गेले तेव्हा मामा त्या ढिगापाशीच बसले होते. हातात संत्र्याची साल. लहानपणी आम्हाला जमवून ते दिव्याजवळ साल दाबायचे. बारीक फवारा उडायचा, ज्योत फुरफुरायची, ठिणग्या दिसायच्या आणि घरभर वास पसरायचा. तो फवारा म्हणजे संत्र्याचं तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक एकच द्रव्य असतं, लिमोनीन. फुगलेल्या फुग्यावर ते उडवलं तर फुगा फुटतो, थर्मोकोलवर टाकलं तर थर्मोकोल विरघळतं. अत्तरापासून सफाईच्या द्रावणापर्यंत त्याला मागणी आहे.

मी लिंबूवर्गीय झाडांच्या गुणसूत्रांवर काम करते. मामांना हे ठाऊक आहे आणि त्यांचा प्रश्न तयार होता.

“पोरी, मागच्या खेपेला तू सांगत होती, संत्र्याच्या एका पेशीत अठरा गुणसूत्रं असतात म्हणून. त्याच्या छत्तीस करता येतात म्हणे?”

“येतात. नऊचे दोन संच असतात, त्यांचे चार करायचे.”

“मंग तेल बी दुप्पट होईन का नाही? तेल बनवायचा हुकूम त्याच्यावरच लिहिला हाये ना? हुकूम दुप्पट, माल दुप्पट. हा ढीग पाह्य. याले कोणी इचारत नाही. याच्या सालीत जर दुप्पट तेल भरता आलं, तं हेच फळ पैसा देईन.”

मामांचा हिशेब वेडा नाही. गुणसूत्रं दुप्पट करण्याची युक्ती सापडली तेव्हा जगभरातल्या संशोधकांनाही असंच वाटलं होतं. 1937 साली अमेरिकेत ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी धोतऱ्यावर कोल्चिसिन वापरून दाखवलं, आणि काही वर्षांतच ज्याला जी वनस्पती हाताशी मिळाली तिच्यावर त्यानं तो प्रयोग करून पाहिला. मामांना कोल्चिसिन म्हणजे काय ते जाणून घ्यायचं होतं.

“आपल्या बांधावर पावसाळ्यात कळलावी उगवते ना, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची? तिच्या कंदात आणि बियांत तेच विष असतं.”

“कळलावी? तिचा कंद तं जनावरानं खाल्ला तरी मरते.”

“तेच. पेशी दुभागायच्या आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार करते. मग पेशीत बारीक दोऱ्या ताणल्या जातात. त्या एक संच इकडे ओढतात, एक तिकडे. कोल्चिसिन त्या दोऱ्या बांधूच देत नाही. नकला तयार झालेल्या असतात, पण वाटणी होत नाही. सगळा पसारा एकाच पेशीत राहतो. विष धुऊन टाकलं की ती पेशी पुन्हा वाढू लागते, दुप्पट संच घेऊन.”

जानकी अम्मल यांचं नाव मी इथं मुद्दाम काढलं. थलश्शेरीत 1897 साली जन्मलेल्या या बाईंनी कोइम्बतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं. पुढं इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला, तो 1945 साली छापला गेला. त्यानंतर विस्लीच्या बागेत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन वापरलं. ती झाडं वाढली, फुलली आणि एका मॅग्नोलियाला आज त्यांचं नाव आहे. वृक्ष दुप्पट गुणसूत्रं घेऊन नीट उभा राहू शकतो, हे त्या झाडांकडे बघून कळतं. आपल्या शाळांच्या पुस्तकांत या बाई मला कुठं भेटल्या नाहीत, याची रुखरुख मला अजून आहे.

“बरं,” मामा म्हणाले, “झाड उभं राह्यते. तेलाचं सांग.”

“आधी पिशवीचं सांगते. साल उन्हात धरली की जे ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. पानात पण असतात, म्हणून पान चुरगाळलं की वास येतो. गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशी मोठी होते, आकारमानानं साधारण दुप्पट. पिशवी पेशींचीच बनलेली, ती पण मोठी होते.”

“म्हणजे मी म्हणतो तेच!”

“थांबा ना. समजा पानातलं सगळं त्याच प्रमाणात मोठं झालं. आकारमान दुप्पट म्हणजे लांबी दुप्पट नव्हे. लांबी वाढते सव्वापट, 1.26. क्षेत्रफळ वाढतं 1.59 पट. म्हणजे जिथं एका चौरस सेंटिमीटरमध्ये शंभर पिशव्या होत्या, तिथं आता त्रेसष्टच मावतात. त्या त्रेसष्ट पिशव्यांत प्रत्येकी दुप्पट तेल, म्हणजे पूर्वीच्या एकशे सव्वीस पिशव्यांएवढं.”

“सव्वापट झालं ना मंग? दुप्पट नाही तं सव्वापट!”

“पण पान पण सव्वापट जाड झालं. तुम्ही पान चौरस सेंटिमीटरनं भट्टीत घालता का किलोनं?”

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग स्वतःशीच म्हणाले, “सव्वापट तेल, सव्वापट वजन. किलोमागं तेवढंच.”

“मोतीचुराचा लाडू आणि मोठ्या बुंदीचा लाडू. दाणा मोठा झाला म्हणून किलोभर लाडवात साखर वाढत नाही.”

हे गणित मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथं चूक करणं सोपं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पिशवी मोठी दिसते. फोटो सुंदर येतो. पानाच्या क्षेत्रफळामागं मोजलं तर आकडाही वाढलेला दिसतो. मग कुणीही म्हणेल, तेल वाढलं. पण ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत वजन जातं आणि तेल निघतं ते वजनामागं. झाडाचं तेल वाढलं असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशामागं वाढलं? ताज्या पानाच्या किलोमागं, वाळल्या पानाच्या किलोमागं, झाडामागं की एकरामागं? चारही उत्तरं वेगळी येऊ शकतात.

त्यात आणखी एक अडचण आहे, ती मी मामांना चिखलात काडीनं गोल काढून दाखवली. तेल बनवतात त्या पिशवीच्या आतल्या कडेला असलेल्या पेशी, मधली पोकळी नुसती साठवण. गोल मोठा केला की पोकळी दुपटीनं वाढते, पण कड तेवढी वाढत नाही, ती 1.59 पटच होते. विहीर रुंद केली म्हणून झरे वाढत नाहीत, असं मामाच म्हणाले. मग ती मोठी पोकळी भरायला कडेच्या पेशींना जास्त जोर लावावा लागतो, नाहीतर जास्त वेळ लागतो.

“पण त्या पेशींत हुकूम दुप्पट हाये. जोर दुप्पट लागन.”

“हुकूम दुप्पट आहे, पेशी पण दुप्पट मोठी आहे. दोन आचारी दिले आणि पंगत पण दुप्पट बसवली. मामा, रंगपूर लिंबू तुम्ही खुंटाला वापरता ना? त्याच रंगपूरचं दुप्पट गुणसूत्रांचं झाड आणि साधं झाड शेजारी ठेवून परदेशातल्या संशोधकांनी पानांतल्या जनुकांचं काम तपासलं होतं. 2011 साली ते छापून आलं. पानाची ठेवण बदलली होती, पाण्याचा व्यवहार बदलला होता. जनुकांच्या कामात मात्र मोठा फरक सापडला नाही.”

मला वाटलं होतं, इथं बोलणं संपेल. पण मामांकडे वेखंड होतं.

“तू झाडाचं सांगून राहिली, मी तुले वेखंडाचं सांगतो. बाळंतिणीच्या घरी आपण वापरतो ते वेखंड. वैद्य सांगत होते, अमेरिकेतल्या वेखंडाचा गुण अन् आपल्या वेखंडाचा गुण एक नाही, अन् फरक गुणसूत्रांचा हाये. खरं का खोटं?”

खरं आहे, आणि हा मुद्दा त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्याच्या तेलात बीटा-असारोन नसतं. युरोपातलं तीन संचांचं, त्यात ते थोडं असतं. दक्षिण आणि पूर्व आशियात चार संचांचं वेखंड आहे, त्याच्या तेलात बीटा-असारोनचाच भरणा असतो. हे द्रव्य घातक मानून अमेरिकेनं 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. संच वाढत गेले तसं तेल बदलत गेलं, असं नकाशावर सरळ दिसतं.

“मंग?”

“मग इतकंच की ते चार संच काल झालेले नाहीत. वेखंड काही झाड नाही, ते कंदानं पसरतं, पण प्रश्न तोच आहे. दोन संचांचं आणि चार संचांचं वेखंड कैक पिढ्या वेगवेगळ्या मुलखात वाढलं. तेवढ्या काळात किती जनुकं बदलली, किती बंद पडली, याचा हिशेब त्या नकाशात नाही. फरक दुपटीनं केला की काळानं केला, हे नुसतं शेजारी ठेवून कळत नाही. प्रयोगशाळेत आज दुप्पट केलेलं झाड आणि त्याचीच साधी बहीण, असं एकत्र वाढवून मोजलं तरच कळतं.”

“तुले प्रत्येक गोष्टीत ‘पण’ सापडते.”

“एक गोष्ट ‘पण’ न लावता सांगते. फ्रान्समधल्या संशोधकांनी संत्र्याच्या जातकुळीतल्या मॅंडरिनच्या पेशी आणि दुसऱ्या झाडांच्या पेशी, म्हणजे लिंबू, मोसंबी, ग्रेपफ्रूट, कुमक्वाट अशा, एकमेकींत मिसळल्या. परागीभवन नाही, बी नाही, पेशीच जोडल्या. सात संकर झाले, सगळे चार संचांचे. 2003 साली त्यांच्या पानांतल्या वासाची तपासणी छापून आली. मॅंडरिनच्या पानात एक खास द्रव्य असतं, मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेट. दुसऱ्या जनकाच्या संचांमुळे संकरांत ते बनणं कमी झालं.”

“म्हणजे तठी वास बदलला.”

“हो, कारण तिथं दोन वेगळ्या झाडांचे संच एका पेशीत आले. एकच पोथी दोनदा उतरवून काढली तर ओळी त्याच राहतात. दोन वेगळ्या पोथ्या एकत्र शिवल्या तर मजकूर बदलतो. मला वास बदलायचा असेल तर मी दुसऱ्या वाटेनं जाईन. तेल किती, याचं उत्तर त्यातही आपोआप मिळत नाही.”

मामांनी साल टाकून दिली आणि उठले. ते चिडले असं मला वाटलं, पण ते एका झाडापाशी गेले आणि एक फळ तोडून आणलं. पोपटी, जाड सालीचं, टोपी आल्यासारखं.

“ठीक हाये, किलोचं गणित तुझं खरं. आता माझं ऐक. दुप्पट गुणसूत्रांच्या फळाची साल कशी असते?”

“जाड. खरबरीत.”

“जाड साल म्हणजे एका फळात साल जास्त. किलोमागं तेल तेवढंच राहू दे, पण फळामागं साल दीडपट झाली तं फळामागं तेल दीडपट. तू किलो साल म्हणून राहिली, मी किलो फळ म्हणून राहिलो. रस पिणारा ते फळ घेणार नाही, मले मालूम हाये. मी रसासाठी ते लावीतच नाही. मी तेलासाठी लावीन.”

मी गप्प राहिले. हा मुद्दा मी कधी असा मांडलाच नव्हता. लिंबूवर्गीय फळांवर काम करणारे आम्ही सगळे खाण्याच्या फळाच्या बाजूनं विचार करतो. त्यामुळे चार संचांचं फळ जाड सालीचं, कमी रसाचं, म्हणून नापास होतं, ही ओळ आम्ही पाठ केलेली आहे. सालीसाठी लावायचं झाड म्हटलं तर तीच उणीव गुण ठरू शकते. मी कबूल केलं.

तरी एकराचा हिशेब उरतोच. दुप्पट संचांची झाडं हळू वाढतात, खुजी राहतात, फळंही बहुधा कमी धरतात. मामा म्हणाले, खुजी तर जवळ लावू. आपल्याकडची जुनी लागण अठरा बाय अठरा फुटांची, एकरी एकशे चौतीस झाडं. अंतर बारा फुटांवर आणलं तर तीनशे दोन बसतात. गणित बरोबर आहे. त्या तीनशे दोन झाडांची मिळून साल किती भरेल हे मात्र लावून, वाढवून, दहा-बारा वर्षं तोलूनच सांगता येईल. धान्याच्या पिकात अशी चाचणी दोन-तीन हंगामांत होते. झाडांच्या बाबतीत एका माणसाच्या कामाच्या आयुष्यात असे तीन प्रयोग झाले तरी पुष्कळ.

चंदनाचाही विषय निघालाच, हल्ली बांधावर चंदन लावलेला माणूस दर गावात भेटतो. पण चंदनाचं तेल पिशवीत नसतं, ते खोडाच्या गाभ्यात असतं आणि गाभा धरायलाच वर्षानुवर्षं लागतात. पॅसिफिक महासागराच्या बेटांवर चंदनाच्या काही भावकीत निसर्गानं स्वतःच संच वाढवलेले आहेत. आपल्या चंदनाचे संच आज दुप्पट केले तर तेलाचा निकाल पुढची पिढी वाचेल. मामांनी चंदनाला हात जोडले आणि विषय सोडला.

ऊन उतरल्यावर आम्ही नर्सरीत गेलो. जंबेरी आणि रंगपूरची वर्षाची रोपं पिशव्यांत रांगेनं उभी होती, डोळे भरायला आलेली. एका कोपऱ्यात उपटून टाकलेल्या रोपांचा लहानसा ढीग होता. मी वाकून एक उचललं. पान गोलसर, जाड, गर्द हिरवं. मूळ आखूड आणि जाडजूड, फाटे कमी.

“ही का काढली?”

“खुरटी हायेत. बाकीची गुडघ्याच्या वर गेली, हे इतभरच. याच्यावर डोळा भरून काय फायदा? दरवर्षी निघतात थोडी.”

माझ्या हातातलं रोप चार संचांचं असण्याची चांगली शक्यता होती. जंबेरीच्या किंवा रंगपूरच्या एका बीमधून दोन-तीन रोपं येतात, त्यांतली बहुतेक आईच्याच उतीतून तयार होतात, म्हणजे हुबेहूब आई. त्यांपैकी थोड्या रोपांत, कोणतंही विष न लावता, संच आपोआप दुप्पट झालेला असतो. वाढ हळू, पान जाड, मूळ आखूड. नर्सरीवाला त्यांना खुरटी समजून काढतो आणि आपण काढतो ते काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

“म्हणजे कळलावीची गरजच नाही?” मामांचा आवाज बदलला होता.

“शोधणाऱ्याला नाही. पानाचा तुकडा यंत्रात घातला की थोड्या वेळात कळतं. यंत्र नसेल तर पानाच्या पाठची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. रंध्रं मोठी आणि विरळ दिसली की संशय घ्यायचा. आणि मामा, मला ही रोपं तेलासाठी नकोत, मुळांसाठी हवीत. रंगपूरच्या चार संचांच्या खुंटावर कलम केलेलं झाड पाण्याचा ताण जास्त सोसतं, हे 2013 साली दाखवलं गेलंय. ताण नसतानाही त्याचं मूळ अॅबसिसिक आम्ल जास्त बनवतं. पानांची रंध्रं मिटायचा निरोप तेच आम्ल देतं. इथल्या बोअर किती खोल गेल्यात, ते तुम्ही मला सांगायचं.”

“साडेसातशे फूट. अन् तरी उन्हाळ्यात धार तुटते.”

“मग तेल आधी की पाणी आधी?”

“पाणी तुझ्या खुंटाले. तेल माझ्या फळाले. दोन्ही एकाच रोपात काहून पाह्यतेस? याच्यावर संत्र्याचा डोळा भर, ते तुझं. यालेच तसंच वाढू दे, डोळा न भरता, ते माझं.”

“तुमचं झालं जंबेरीचं फळ, संत्र्याचं नव्हे.”

“जंबेरीच्या सालीले काय वास नसते?”

असतो, आणि चांगला तिखट असतो. मग मी आणखी एक उपयोग सांगू लागले. दुप्पट संचांचं झाड जनक म्हणून वापरून बिनबियांची फळं काढता येतात, कॅलिफोर्नियात ओरोब्लँको असंच काढलं. ग्रेपफ्रूटच्या चार संचांच्या झाडाचा पोमेलोशी संकर 1958 साली झाला आणि वाण शेतकऱ्यांच्या हाती यायला 1980 उजाडलं. मी हे सांगत होते तेव्हा मामा ऐकत नव्हते. ते ढिगातली रोपं एकेक करून उचलत होते, मुळांवरची माती न झटकता. सतरा निघाली. चार वाळून गेली होती.

उरलेली तेरा त्यांनी पुन्हा पिशव्यांत लावली आणि प्रत्येकीला लाल चिंधी बांधली. सहा माझी, सहा त्यांची. तेराव्याचं एक पान त्यांनी खुडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि माझ्यासमोर धरलं. शेजारच्या उंच रोपाचं एक पान मी तसंच चुरगाळून त्यांच्यासमोर धरलं.

“मले सारखाच येते,” ते म्हणाले. “तुले?”

मी दोन्ही पानं रुमालात वेगवेगळी बांधली आणि कोणतं कुठलं ते रुमालाच्या कोपऱ्यावर पेनानं लिहिलं.